रस्त्याचं माप, शर्यतीचं माप

किसन मिस्त्री दुकानात आलेल्या माणसाकडे आधी बघत नसत. गाडी थांबली की ते हातातलं काम खाली ठेवत, गाडीच्या पुढे दहा-बारा पावलं चालत जात आणि तिथे उकिडवे बसून, एक डोळा मिटून, पुढच्या दोन चाकांकडे बघत राहत. मालक उतरून रामराम करी, तरी उत्तर नाही. मग उठून ते टायरवरून हात फिरवत, एकदा आतल्या कडेनं, एकदा बाहेरच्या. एवढं झालं की वळून म्हणत, "हं, रामराम. आता सांगा." तोवर सांगण्यासारखं बहुधा काही उरलेलं नसे. गाडी डावीकडे ओढते हे मालकाच्या आधी त्यांना कळलेलं असे.

त्यांचं दुकान वाशीमला, अकोल्याच्या रस्त्यावर, एका कडुलिंबाखाली होतं. दुकान म्हणजे टिनाचं छप्पर, एक खड्डा आणि खिळ्यांवर टांगलेली हत्यारं. मिस्त्री उंच, काटकुळे. खाली धोतर, वर खाकी शर्ट, डोक्यावर टोपी. जातीचे लोहार, पण लढाईच्या दिवसांत ते फौजेच्या मोटारखान्यात भरती झाले आणि पाच-सहा वर्षं कुठे कुठे फिरून परत आले. बाकीच्यांनी येताना ट्रंका आणल्या, कांबळी आणली. मिस्त्रींनी एक पितळी ओळंबा आणि पुढच्या चाकांची विद्या आणली. परतल्यावर वर्षभरात बायको गेली. मागे एकच मुलगा, वसंता. त्याला त्यांनी स्वतः भाकरी भाजून वाढवलं आणि वयात आल्यावर ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लावून दिलं.

फौजेतून त्यांनी आणखी एक गोष्ट आणली होती. गाडीला ज्याचा शेवटचा हात लागला, त्याला विचारल्याशिवाय ती जागची हलवायची नाही. "काय केलं, काय राह्यलं, हे इचारून घ्या," ते प्रत्येक ड्रायव्हरला सांगत. "इचारनाऱ्याचं तोंड दुखत नाई." वसंताच्या हे इतकं अंगात मुरलं होतं, की बैलगाडी हाकायला दिली तरी तो आधी, वंगण कोणी घातलं, म्हणून विचारायचा. गावात त्यावरून त्याची थट्टा व्हायची.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. नागपूरहून बी. ए. होऊन आलो होतो, घरी शेती होती, आणि करायला फारसं काही नव्हतं. कापसाच्या जिनिंगवर एक साहेब होते. ते निवृत्त होऊन जाताना त्यांची उघडी, दोन माणसांची जुनी मोटार मी घेतली. अकोल्याला हौशी मोटारवाल्यांनी एका मैदानावर शर्यत ठरवली होती. मैदानात झेंडे रोवायचे, चुन्याची वाट आखायची आणि एकेकानं त्या झेंड्यांमधून वळणं घेत मोटार न्यायची. झेंडा न पाडता जो कमी वेळात येईल तो पहिला. मोटार जमिनीला जितकी जवळ तितकी ती वळणावर कमी कलते, हे मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून एकाकडून पुढच्या-मागच्या स्प्रिंगच्या कमानपाट्या सपाट करून घेतल्या आणि गाडी चांगली चार बोटं खाली बसवली.

दिसायला ती झकास दिसू लागली, पण चालायला वेडी झाली. साध्या खड्ड्यात चाक गेलं तरी स्टेअरिंग हाताला हिसका देई. वळण घेतलं की चाकं आपणहून सरळ होत नसत, मलाच ओढून आणावी लागत. कोणीतरी किसन मिस्त्रींचं नाव सांगितलं.

ते नेहमीप्रमाणे गाडीपुढे बसले, पण त्या दिवशी उठेचनात. शेवटी म्हणाले, "बापूसाहेब, गाडी बसवली तुमी, पन बाकीच्याईले सांगतलं नाई."

कोणाला, असं मी विचारलं. मग त्यांनी मला धुळीत बसवून सगळं दाखवलं. स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारी दांडी आधी आडवी होती, ती आता तिरपी झाली होती. त्यामुळे कमान दबली की दांडी चाकाला ढकले, आणि मी न वळवताही गाडी वळे. ज्या खुंटीवर चाक फिरतं ती खुंटी किंचित मागे झुकलेली असावी लागते. तसं असलं तरच वळण संपल्यावर चाक घरी येतं. कमान सपाट करताना ती खुंटी ताठ उभी राहिली होती. आणि दोन्ही चाकं वरून बाहेर कललेली होती, ती वळणावर जमीन धरीत नव्हती. मला शिकवायला आजवर बरेच प्राध्यापक होते. पण एखादी गोष्ट समजली की आपोआप हसू येतं, हे मला त्या धुळीत पहिल्यांदा कळलं.

पुढचे पंधरा दिवस मी रोज दुकानात होतो. मिस्त्रींनी भट्टीत लोखंडाच्या पाचरी घडवून त्या कमान आणि आस यांच्यामध्ये बसवल्या, म्हणजे खुंटी पुन्हा मागे झुकली. दांडीचं टोक खाली घेण्यासाठी नवा हात ठोकून केला. आस किती वाकवायची ते ओळंबा चाकाशेजारी सोडून, केसाकेसानं ठरवलं. शेवटी राहिलं दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टायरॉडचं माप. चाकांच्या पुढच्या कडांमध्ये किती अंतर आणि मागच्या कडांमध्ये किती, हे ते सुतळी ताणून बघत.

"रस्त्यावर चालनाऱ्या गाडीची चाकं जराशीक एकमेकाईकडं पाहून चालली पायजे," ते म्हणाले. "नवरा-बायकोवानी. टक लावून नाई, पन ध्यान ठेवून. मंग गाडी सरळ जाते. आता तुमच्या मैदानात सरळ जाचं नाई, झटक्यानं वळाचं हाय. तं तिथं चाकाईनं थोडं बाहेर पाह्यलं तरी चालते."

म्हणून त्यांनी टायरॉडवर लाल रंगाच्या दोन खुणा केल्या. एक रस्त्याची, एक शर्यतीची. नट कोणत्या खुणेवर आहे ते बघितलं की माप कळे.

सरावासाठी आमच्या पडीक शेतात झेंड्यांऐवजी तुराट्या रोवल्या. मी त्यांतल्या बऱ्याच पाडल्या. शेलूबाजाराच्या एका व्यापाऱ्याचा ट्रक चालवणारा वसंता दोन दिवसांच्या सुट्टीवर आला होता. त्याला म्हटलं, तू बघ. त्यानं आधी वडिलांना विचारलं, माप कोणतं, नट आवळले का, काही राहिलं का. मग बसला आणि एकही तुराटी न हलवता आला. गाडी त्याच्या हातात अशी वळत होती, की पाण्यातला साप आठवावा. मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, "बापूसाहेब, तुमी मालकच बरे." मला राग आला नाही. शर्यतीत वसंतानंच चालवायचं, हे तिथेच ठरलं.

अकोल्याला आम्ही दुसरे आलो. पहिल्या आलेल्याची गाडी आमच्या गाडीच्या निम्म्या वयाची होती. वसंता कप घ्यायला मंचावर गेला, लोक टाळ्या वाजवत होते. मी मिस्त्रींना शोधू लागलो तर ते गाडीपाशी बसलेले. टायरवर हात ठेवून, रबर कुठे जास्त तापलंय ते बघत होते. "आतली कड आन् बाहेरची कड सारखी गरम हाय," ते म्हणाले. त्यांचा कप तो होता. पोराच्या पाठीवर थाप वगैरे त्यांनी मारली नाही. मात्र परतीला निघताना वसंताच्या सदऱ्याची वरची गुंडी त्यांनी स्वतः लावून दिली, हे मी पाहिलं.

वसंता तिथूनच ट्रकवर गेला. मिस्त्रींना मंगरूळपीरला एका सरकारी जीपच्या कामासाठी जायचं होतं. निघताना त्यांनी मला बजावलं, की गाडी शर्यतीच्याच मापावर आहे, वाशीमला हळू न्या, आणि मग ती जागेवरच ठेवा. मंगळवारी ते स्वतः येऊन माप फिरवणार होते. "ह्या मापावर ती सरळ रस्त्यावर भरवशाची नाई. चाकोरीत चाक गेलं तं कुठं जाचं ते तीच ठरवते."

मी हळू आणली. काही झालं नाही.

रविवारी सकाळी, ट्रकची फेरी संपवून परतलेला वसंता माझ्या दारात आला. त्याची बायको सुभद्रा बाळंतपणाला माहेरी, शिरपूरला गेली होती. रात्री तिला मुलगी झाल्याचा निरोप आला होता. अंगात धुतलेले पांढरे कपडे, हातात डिंक आणि खारकांची पुरचुंडी. बस दुपारी होती आणि त्याला तेवढा दम नव्हता. तो गाडी मागायला आला नव्हता, हे सांगायला हवं. पेढे द्यायला आला होता. मीच म्हणालो, मोटार घेऊन जा की. दुसरा आलास तू तिच्यात, मुलीला बघायलाही तिच्यातच जा.

त्याचा चेहरा असा फुलला, की मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. गाडीपाशी गेल्यावर तो थांबला आणि त्यानं विचारलं, बाबांनी माप फिरवलं का?

मी म्हणालो, "हो, झालंय."

का म्हणालो, ते मी तेव्हापासून स्वतःला विचारत आलो आहे. नाही म्हटलं असतं तर त्यानं गाडी नेली नसती, आणि दिलेला शब्द मला मागे घ्यावा लागला असता. मला उदार व्हायचं होतं. मी त्याच मापावर अकोल्याहून आलो होतो, तेव्हा पंधरा-वीस मैलांत काय होतंय, असंही वाटलं. पण मी हळू आलो होतो. तो लेकीला बघायला निघाला होता.

कापसाच्या गाड्यांनी त्या दिवसांत रस्त्यात खोल चाकोऱ्या पाडलेल्या असत. शिरपूरच्या अलीकडे नाल्यावर एक मोरी आहे. तिथे वळणावर चाक चाकोरीत गेलं आणि गाडी उलटून नाल्यात पडली. शेतातून माणसं धावत आली तेव्हा वसंता गेलेला होता. डिंक-खारका नाल्यातल्या वाळूत सांडल्या होत्या. सुभद्रा तिथून दीड मैलावर बाळाला घेऊन निजली होती, आणि संध्याकाळपर्यंत तिला कोणी काही सांगितलं नाही.

मिस्त्री मंगरूळपीरहून आले. पोराला अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, गाडीपाशी चला. गाडी तशीच नाल्यात उलटी पडली होती. ते तिच्यापुढे उकिडवे बसले. एक डोळा मिटला नाही, दोन्ही उघडे होते. मग हातानं माती पुसून त्यांनी टायरॉडवरचा नट बघितला. तो शर्यतीच्या खुणेवर होता.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यानं इचारलं नाई काय?"

भोवती पाच-सहा माणसं होती. माझा एक चुलता होता. पण ती नसती तरी मी वेगळं बोललो असतो, असं मी आज म्हणणार नाही. मी म्हणालो, "नाही. फार घाईत होता."

मिस्त्रींनी मान हलवली. उठताना त्यांना हात द्यावा लागला. तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते.

पंधराव्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं. मला एका शब्दानं बोल लावला नाही. उलट माझ्या घरी येऊन म्हणाले, तुमची गाडी गेली, माह्या पोराच्या हातून गेली. मी त्यांना बसा म्हणालो, तेही मला नीट म्हणता आलं नाही.

पुढे वर्षभरानं मी जीप घेतली आणि तीही त्यांच्याचकडे नेऊ लागलो. दुसरीकडे नेली असती तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं. दुकान तेच होतं, कामातला हातही तोच होता. एकच नवीन झालं होतं. गाडी दुरुस्त करून ड्रायव्हरच्या ताब्यात देताना ते त्याला थांबवत आणि म्हणत, "काय केलं, काय राह्यलं, हे इचारून घे. माहा पोरगा इचाराचं इसरला. तू इसरू नको." हे ते रडून म्हणत नसत. नट किती आवळायचा ते सांगावं, तशा आवाजात म्हणत. शिरपूरच्या यात्रेकरूंना नेणारे ड्रायव्हर, शेलूबाजारचे ट्रकवाले, सरकारी जीपवाले, सगळ्यांना त्यांनी हे सांगितलं. आयुष्यभर पोराला एक गोष्ट शिकवली, आणि ऐन वेळी तीच तो विसरला, हे ते स्वतःच्या तोंडानं गावभर सांगत होते. मी ते तीन वर्षं ऐकलं. कधी जीपमध्ये बसून ऐकलं, कधी त्यांच्याच खाटेवर बसून, त्यांचाच चहा पीत ऐकलं.

चौथ्या वर्षी दिवाळीनंतर सुभद्रा मुलीला घेऊन सासऱ्याकडे राहायला आली होती. दुकानामागेच दोन खोल्या होत्या. मी जीप घेऊन गेलो तेव्हा मिस्त्री एका ड्रायव्हरला तेच सांगत होते. सुभद्रा दारात धान्य निवडत होती. ते वाक्य कानावर आलं तशी तिची बोटं थांबली. मिस्त्री ड्रायव्हरबरोबर गाडी फिरवून बघायला गेले. मग ती माझ्याकडे न बघता, सुपाशीच बोलावं तसं बोलली.

"ते तसे इसरनारे नव्हते, बापूसाहेब. माह्यापायी घाई केली त्याईनं. मी निरोप धाडाले पायजे नव्हता."

चार वर्षं ती हे मनात घेऊन बसली होती. बाप समजत होता, पोरगा शिकवण विसरला. बायको समजत होती, आपल्या निरोपानं नवरा मारला. आणि त्या मुलीला मोठी झाल्यावर या दोन्ही गोष्टी सांगितल्या जाणार होत्या. मला जीपमध्ये जाऊन बसावं असं वाटलं. पण मी बसलो नाही.

मिस्त्री परत आले. मी त्यांना कडुलिंबाखाली नेलं आणि सांगितलं, की वसंतानं विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. गाडीपाशीही आणि नाल्यापाशीही.

मला वाटलं होतं, ते मारतील. हातात पाना होता. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं. त्यांनी पाना बाजूला ठेवला. मग हळूहळू खाली बसले, जसे गाडीपुढे बसत तसे.

"म्हंजे इचारलं होतं त्यानं," ते म्हणाले.

मी हो म्हणालो.

"इचारलं होतं," ते पुन्हा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं त्याला मला आजही नाव देता येत नाही. दुःख होतंच, पण त्याच्यामागून एक बापही वर आला होता. चार वर्षांनी.

त्यांनी मला क्षमा केली का, ते मला माहीत नाही. मी मागितली होती. ते त्यावर काही बोलले नाहीत. त्यानंतर ते अडीच वर्षं होते. माझी जीप त्यांनी कधी नाकारली नाही. काम नेहमीसारखं चोख करत आणि हिशेबाचं, मापाचं तेवढं बोलत. खाटेवर बसा म्हणाले नाहीत, चहा विचारला नाही. मीही बसलो नाही. एका उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. मी सरणापर्यंत गेलो, मात्र खांदा द्यायला पुढे झालो नाही. तो माझा हक्क नव्हता.

पण मी कबूल केलं त्या दुपारचं सांगायचं राहिलं. मिस्त्री उठले, घरात गेले आणि सुभद्रेशी काहीतरी बोलले. थोड्या वेळानं दोघं बाहेर आली. सुभद्रेनं मुलीला कडेवर घेतलं होतं, तिचे डोळे लाल होते. मिस्त्रींनी दुकान बंद केलं, टोपी झटकून घातली. शिरपूरला जातो म्हणाले. तिच्या आईबापाला सांगायला हवं, तिथल्या लोकांना सांगायला हवं. मी म्हणालो, जीपनं सोडतो. त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि तिघं बसच्या थांब्याकडे चालू लागली. मी मागे मागे गेलो. जाऊ नये हे कळत होतं, तरी गेलो.

बस आली. सुभद्रा आणि मुलगी आत बसल्या. मिस्त्री पायरीवर एक पाय ठेवून थांबले आणि मागे वळून त्यांनी मला विचारलं, "कसं इचारलं त्यानं? नेमकं काय म्हनला?"

मी सांगितलं. तो म्हणाला, बाबानं रस्त्याचं माप लावलं काय, बापूसाहेब? का मी पाहून घेऊ? आणि गुडघा टेकून गाडीखाली वाकू लागला. मी म्हणालो, झालंय, कपडे मळतील, जा तू.

"वाकला होता?" त्यांनी विचारलं.

"हो. वाकला होता."

कंडक्टर घाई करत होता. मिस्त्री आत गेले, खिडकीशी सुभद्रेशेजारी बसले आणि तिच्याकडे वाकून काही सांगू लागले. बस सुटली तरी ते सांगत होते.